कुर्बानभाईचा हात

अकोटात फोटोग्राफर म्हणवून घेणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत. पण शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या जोडीचा फोटो हवा असला की लोक अजून कुर्बानभाईंनाच बोलावतात. बैलांचे पाय हवेत, गाडी हाकणाऱ्याचा दुपट्टा उडालेला, उधळलेली माती जागच्या जागी थबकलेली, असे त्यांचे फोटो कितीतरी घरांत देवांच्या तसबिरींशेजारी लागलेत. कुर्बानभाई कॅमेरा कधी स्टँडवर लावत नसत. त्यांचा हात म्हणजे जमिनीत गाडलेला खुंटा, असं पटातली माणसं म्हणायची आणि कुर्बानभाई मान खाली घालून हसायचे. त्यांना ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

गेल्या ईदपासून मात्र तो हात थरथरायला लागला होता. चहा घेताना कपबशी वाजायची. कुर्बानभाईंनी कपबशीच सोडली, चहा स्टीलच्या ग्लासातून प्यायला लागले आणि डॉक्टरचं नाव काही काढलं नाही. माणूस स्वतःला फसवायचं म्हटलं की किती हुशार होतो पाहा.

भर उन्हात काम निभावून जायचं. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटलं की धावता बैलही थबकतो आणि हाताची थरथरही लपते. गोची व्हायची ती उजेड उतरल्यावर. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात जे जे हलेल ते फोटोत फरफटत जातं. जुन्या कॅमेऱ्यात उजेड वाढवणारा आयएसओचा आकडा चढवून पाहिला तर फोटोत नुसती वाळू पेरल्यासारखं दिसायचं.

तेल्हाऱ्याकडच्या एका गावचा पट जवळ आला होता. शेवटची फेरी नेहमीच लांबते, सूर्य बुडायला येतो. म्हणून कुर्बानभाई रोज संध्याकाळी बसस्थानकावर जाऊन सराव करू लागले. शटरचा वेग थोडा थोडा उतरवायचा, आत शिरणारी एसटी टिपायची आणि घरी येऊन फोटो मोठा करून पाहायचा. एकदा त्यांच्या बायकोनं, रजियाबींनी, मागून डोकावलं.

"बस हलली त हलली," त्या म्हणाल्या, "पन खंबा काहून हलला?"

"गर्दी होती. धक्का लागला."

"रोजच लागते का धक्का?"

कुर्बानभाईंनी कॅमेरा बंद केला. रजियाबींनी पटाच्या दिवशी पिशवीत मुकाट्यानं स्टँड घालून दिला. मैदानावर पोचल्यावर कुर्बानभाईंनी तो बाहेर काढलाच नाही. आजवर हातानं फोटो काढणारा माणूस स्टँड लावतो म्हटल्यावर लोक काय विचारतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लग्नसराई तोंडावर होती. ज्याचा हात कापतो त्याला लग्नात कोण बोलावणार?

व्हायचं तेच झालं. शेवटची फेरी लागली तेव्हा ऊन शेजारच्या शेतातल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या, शेंड्यांवरूनही उतरलं होतं. एकीकडे गोवर्धनची पांढरी जोडी, दुसरीकडे चंद्रभानची तांबडी. गोवर्धन गावातलं बडं प्रस्थ. त्याच्या पोरीचं, करिश्माचं, लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि फोटोचं काम कुर्बानभाईंकडे होतं. चंद्रभान म्हातारा, कमी बोलणारा, बैलांना पोरांसारखं वाढवणारा माणूस.

शर्यत संपते त्या चुन्याच्या रेघेपलीकडे झेंडीचा बांबू रोवला होता. कुर्बानभाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. कोपर बरगडीला घट्ट दाबलं, श्वास रोखला. जोड्या सुटल्या. धूळ, आरोळ्या, आणि डोळ्यांसमोरून काहीतरी पांढरं-तांबडं सपकन गेलं. त्यांनी बटण दाबलं. दाबतानाच त्यांना कळलं की हात हलला.

त्यात सेकंद मोजणारं यंत्रही ऐन वेळी बंद पडलेलं निघालं. वायर कुणाच्या तरी पायात आली होती. मग काय, दोन्हीकडची माणसं रेघेवर धावली. शिवीगाळ सुरू झाली, कुणीतरी बैल टोचायची तुतारी उगारली. पट भरवणारा देवीदास दोघांच्या मध्ये उभा राहून ओरडला, "भांडू नका. कुर्बानभाईच्या कॅमेऱ्यात पाहू."

देवीदासनं छोट्या पडद्यावर पाहिलं. पांढऱ्या बैलाचं तोंड पुढे दिसत होतं. "गोवर्धनभाऊची जोडी," तो म्हणाला आणि माईककडे वळला. गोवर्धनच्या माणसांनी गुलालाच्या पिशव्या फोडल्या.

कुर्बानभाईंनी पाठमोरं होऊन फोटो मोठा केला. बांबू एकाचे दोन झाले होते. पांढऱ्या बैलाचा उजळ रंग फरफटून पुढे सांडला होता, तांबडा बैल मागच्या काळोखात विरला होता. फोटोत दिसणारी आघाडी त्या दोन बांबूंमधल्या अंतराहूनही कमी होती. ती बैलाची होती की त्यांच्या हाताची, देव जाणे. आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं.

तेवढ्यात चंद्रभान जवळ आला. त्याने फोटो पाहायला मागितला नाही.

"तुमी म्हनता त मानतो मी," तो म्हणाला. "तुमचा हात हाय."

कुर्बानभाईंना वाटलं, चंद्रभान भांडला असता तर बरं झालं असतं. बायकोचं तोंड, करिश्माचं लग्न, पुढचा सगळा हंगाम डोळ्यांपुढून गेला. देवीदासनं माईक तोंडाशी नेला होता.

"थांब देवीदास," ते म्हणाले. "हा फोटो धरू नका."

"काहून?"

"हा फोटो खोटा हाय. माहा हात कापते."

गोवर्धन हसला. "आता कापाले लागला का? चंद्रभाननं काय देल्लं तुमाले?"

ते ऐकून मात्र कुर्बानभाई पेटले. त्यांनी कॅमेरा देवीदासच्या हातात दिला आणि उजवा हात सगळ्यांसमोर लांब केला. बोटं थरथरत होती. मनगट थरथरत होतं. त्यांनी तो खाली घेतला नाही. गोवर्धनची गुलालाची मूठ तशीच राहिली. मागे बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

"उद्या सकाळी पुन्हा पळवू," देवीदास शेवटी म्हणाला.

गोवर्धननं गुलाल मातीत टाकला. "लग्नाचं पाहतो मी दुसऱ्या कोनाचं," एवढं बोलून तो गेला. मागच्याच महिन्यात पोराच्या साखरपुड्याचं काम सांगून गेलेला एक जण कुर्बानभाईंची नजर चुकवून सरकला. गर्दी पांगली. कुर्बानभाईंना भीती वाटत होती, साधी, लहान पोरासारखी भीती, आणि हात अजून तसाच पुढे होता.

चंद्रभाननं तो आपल्या दोन्ही हातांत धरला. बिथरलेल्या गोऱ्ह्याची वेसण धरावी तसा घट्ट, बराच वेळ. त्याच्या मुठीतही तो थरथरतच राहिला, आणि कुर्बानभाईंनी तो सोडवून घेतला नाही.