किसनमामांची माती आणि आमच्या दोन गाड्या

माझ्या सासूबाईंचे दोन्ही जावई गाडीवाले आहेत, आणि त्याचा त्यांना फार त्रास झाला.

थोरले जावई म्हणजे माझे साडू विलासराव. हिंगोलीत ठेकेदारी करतात. धाकटा मी, कळमनुरीत माझं बी-बियाणांचं दुकान आहे. आमच्यात शेताच्या बांधाचा वाद नाही, मानपानाचा नाही. वाद आहे तो कंपनीचा. त्यांची गाडी एका कंपनीची, माझी दुसरीची. (नावं घेत नाही. दोन्ही कंपन्यांना यातलं काही माहीत नाही, आणि माहीत होऊही नये.)

विलासरावांचं म्हणणं, गाडी म्हणजे ताकद. काळ्या मातीच्या चिखलातून ट्रॅक्टरसारखी निघाली पाहिजे. माझं म्हणणं, गाडी म्हणजे ॲव्हरेज आणि अंगाला धक्का न लागणं. चिखलात जायचंय कुणाला? माझ्या गाडीच्या पत्र्याला ते फरसाणाचा डबा म्हणतात. त्यांची गाडी इतकी उंच की सासूबाईंना चढायला पाट ठेवावा लागतो, हे मी चारचौघांत सांगतो. मग विषय मालकांवर जातो. त्यांच्या कंपनीचा मालक म्हणे कामगारांच्या पंगतीला बसून जेवतो. आमचा म्हणे पहाटेच कारखान्यात हजर असतो. सांगताना आमचा दोघांचाही ऊर भरून यायचा. खुद्द दिवंगत सासऱ्यांबद्दल मी इतकं चांगलं कधी बोललेलो नाही.

हे सगळं लग्नाकार्यात खपून जायचं. मग किसनमामा गेले.

किसनमामा म्हणजे सासूबाईंचे एकुलते एक भाऊ, जवळा बाजारचे. आई लहानपणीच वारली, तेव्हा या भावानंच बहिणीला खांद्यावर घेऊन वाढवलेलं. महिनाभर अंथरुणावर होते, म्हणून माझी बायको सुनंदा आणि तिची थोरली बहीण दोघी आधीच तिकडं गेलेल्या. सासूबाई एकट्या शिरड शहापूरला घरी होत्या. दुपारी सुनंदाचा फोन आला.

"मामा गेले. आईला घेऊन या. दिवस मावळायच्या आत माती हाय. बहिणीनं तोंड पाह्यल्याबिगर उचलायचं न्हाई म्हणून राह्यले समदे, पण लई वेळ थांबणार न्हाईत."

अगदी हेच तिची बहीण त्याच वेळी विलासरावांना सांगत होती. एकाच म्हातारीला आणायला दोघांना सांगणं, ही या सगळ्या प्रकरणात बायकांकडून झालेली एकमेव चूक. बाकीच्या आम्ही केल्या.

मी शिरडला पोचलो तर दारात विलासरावांची काळी गाडी उभी. सासूबाई ओसरीवर बसलेल्या, डोळे सुजलेले. मी हात धरून त्यांना माझ्या गाडीत बसवलं. बिचाऱ्या बसल्या. विलासराव काचेपाशी आले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "आई, रस्ता लई खराब हाय. या डब्यात हाडं खिळखिळी व्हतील तुमची." बिचाऱ्या उतरल्या. पाट आणला, त्यांच्या गाडीत चढल्या. आता मला राग आला. मी म्हणालो, धाकट्या जावयाची गाडी चालत नसेल तर तसं सांगा, मी रिकामीच घेऊन जातो. बिचाऱ्या परत उतरल्या.

अंगणात दोन गाड्यांच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भावाच्या अंगावर घालायचं कापड आतच राहिलं, घेऊन येते, तोवर काय ते ठरवा.

आम्ही ठरवायला लागलो. मी गुडघ्यांचा मुद्दा मांडला, त्यांनी खड्ड्यांचा. मी ॲव्हरेज काढलं. (मेलेल्या माणसाच्या घरी जाताना ॲव्हरेज! पण काढलं.) तेव्हा विलासरावांनी माझ्या गाडीच्या तोंडाकडं बोट केलं. पुढचे दिवे आणि जाळी मिळून माझी गाडी समोरून हसल्यासारखी दिसते, हे मला मान्य आहे. घेतली होती त्याचसाठी.

"मातीला असल्या हसऱ्या गाडीत नेता व्हय आईला? लोक काय म्हणतील?"

मी रागानं गाडीत जाऊन बसलो आणि सासूबाई येतील तोवर आत गार व्हावं म्हणून इंजन चालू केलं. विलासरावांनी माझं इंजन ऐकलं आणि समजले, की सासूबाई मागल्या अंगानं येऊन माझ्या गाडीत बसल्या. ते फणकाऱ्यानं निघाले. त्यांना जाताना पाहून मी समजलो, की सासूबाई त्यांच्या गाडीत बसल्या. त्यांच्या काचा काळ्या, माझ्या मागच्या काचांना जाळीचे पडदे. कुणाला काय दिसणार? मीही निघालो.

औंढ्यापर्यंत आम्ही दोघांनीही जन्मात चालवली नसेल इतकी छान गाडी चालवली. मी त्यांना मागं टाकताना मुद्दाम खड्ड्याच्या कडेनं अलगद काढली. त्यांच्या गाडीत बसलेल्या सासूबाईंना कळावं, की बघा, अशी जाते माझी गाडी. थोड्या वेळानं विलासरावांनी चढावर मला मागं टाकलं. ते माझ्या गाडीतल्या सासूबाईंना ताकद दाखवत होते.

जवळा बाजारला मामांच्या दारात गर्दी होती. तिरडी बांधून तयार, सगळ्यांच्या नजरा रस्त्यावर. माझी गाडी थांबताच बायका हंबरडा फोडत धावल्या आणि त्यांनी मागचं दार उघडलं. आत सीट होती, सीटवर शोरूमची प्लास्टिकची पन्नी होती. हंबरडा अर्ध्यात थांबला. तोवर विलासराव आले. बायका तिकडं वळल्या, हंबरडा परत सुरू झाला आणि परत अर्ध्यातच राहिला.

सुनंदा माझ्यासमोर आली. रडून तिचा आवाज बसला होता.

"आई कुठंय?"

मी विलासरावांकडं बोट केलं. विलासरावांनी माझ्याकडं केलं.

सासूबाईंना फोन लावला, पण तो शिरडला चार्जिंगला वाजत असणार. सूर्य खाली चालला होता. एक वडीलधारे म्हणाले, जावा लवकर, आमी जमंल तेवढं थांबतो. आम्ही दोघंही सुसाट निघालो. दोन गाड्या घेऊन. एका गाडीत बसून जावं असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शिरडला घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या मघाच गेल्या, बाजाराला शेळ्या नेणारी पिकअप हात करून थांबवली. औंढ्याच्या गर्दीत आमची आणि पिकअपची चुकामूक झाली असणार. आम्ही पुन्हा उलटे फिरलो.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. गावाबाहेर विसाव्याचा दगड आहे. स्मशानात नेताना तिरडी तिथं क्षणभर खाली ठेवतात. त्या दगडापाशी शेळ्यांची पिकअप उभी होती आणि सासूबाई मातीत बसल्या होत्या. लोक पुढं गेले होते. लांब धूर दिसत होता.

मी विचारलं, तोंड दिसलं का.

"दिसलं. कापड बी घातलं. लोकाला घाई व्हती, अंधार व्हत व्हता." मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मी भायेर आले तर अंगण मोकळं. मला वाटलं, घाईत म्हातारीचं लोढणं कशाला, म्हणून गेले आसतील."

ज्या भावानं त्यांना खांद्यावर वाढवलं, त्याला त्यांनी रस्त्यावर पाहिलं, शेळ्यांच्या ओरडण्यात, उभ्याउभ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अशा वेळी आम्ही दोघं एकाच दमात म्हणालो, "आई, माझ्या गाडीत बसा."

त्यांनी दोन्ही गाड्यांकडं पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसल्या. पिकअप गावाकडं निघाली. शेळ्या मागं वळून आमच्याकडं पाहत राहिल्या.

मला लाज वाटली. मनापासून वाटली. पण त्याआधी, अगदी डोळ्यांत पाणी असताना, माझी नजर पिकअपच्या मागच्या फाळक्यावर गेली. तिथं माझ्या गाडीच्या कंपनीचं नाव होतं. विलासरावांनीही ते वाचलं आणि मान खाली घातली. समोर मामा जळत होते, सासू गेली होती, गावात बायको वाट पाहत होती. आणि माझी छाती अभिमानानं इंचभर फुगली.