पिवळी की पांढरी

सिस्टरबाईंची जुनी गाडी तिसऱ्यांदा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा वायरमनकाकांचा पारा चढला. डिकीच्या बिजागऱ्या त्यांनी पहिल्याच दिवशी बदलून चोख बसवल्या होत्या. पण झाकणाच्या उघडझापीने आतल्या वायरी पार तुटल्या होत्या, आणि काकांनी त्या जोडल्यापासून ब्रेक दाबला की मागचा वायपर नाचायला लागायचा.

"काका, मागचे गाडीवाले मला हसतात हो," म्हणत सिस्टरबाईंनी किल्ली ठेवली आणि त्या दवाखान्यात कामावर गेल्या.

काका डिकीत आडवे झाले. झाकणाकडे जाणाऱ्या रबरी नळीतून वायरी ओढून काढताना त्यांनी गाडी बनवणाऱ्याचा उद्धार केला, मग नळीचा, मग दुकानातल्या बल्बचा. पिवळीला पिवळी जोडायची, यात डोकं कसलं लावायचं! नुसता वैताग. पण त्यांना आतून भीती वाटत होती. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, तो वायरमन कसला? चाळीस वर्षांचा धंदा, आणि उद्यापासून करायचं काय?

बायको जेवणाचा डबा घेऊन आली. "अहो, अजून डिकीतच?"

"डबा ठेव आणि इकडे ये. यातल्या पिवळ्या कुठल्या, सांग."

"तुम्हाला दिसत नाहीत?"

"विचारलं तेवढं सांग!"

तिने एकेक टोक उजेडात धरलं. "पिवळ्या या दोन. तुम्ही धरल्यात त्या पांढऱ्या."

काकांनी हातातल्या वायरींकडे पाहिलं. त्यांना चारही पिवळ्याच दिसत होत्या.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले दोन महिने."

"म्हणजे चादरी पिवळ्या पडल्या म्हणून माझ्यामागे जी कटकट लावली होती, ती यामुळे? तीनदा धुतल्या मी त्या! तीनदा!"

काकांनी पुढचं टोक तिच्यासमोर धरलं. मग ती तणतणत रंग सांगत गेली आणि ते वायरी जोडत गेले. हात मात्र अजून पक्के होते.

संध्याकाळी सिस्टरबाई आल्या. काकांनी ब्रेक दाबून दाखवला. लाल दिवा लागला, वायपर हलला नाही.

"सुटले बाई! दोष कुठे होता, काका?"

नळी, बल्ब, कंपनी, सगळं काकांच्या ओठांवर आलं होतं. बायको टक लावून बघत होती.

"माझ्या डोळ्यांत," ते म्हणाले. "रंग कळत नाहीत."

सिस्टरबाईंनी पुढचं दार उघडलं.

"बसा. डोळ्यांचे डॉक्टर अजून तासभर आहेत."