बासष्ट गाण्यांचे शेवट

चारुदत्त मुंडले मूळचे सांगलीचे. १९६९ साली ते न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारांच्या गावी गणिताचे मास्तर म्हणून गेले आणि नऊ वर्षं राहिले. मग मिसिसागा शहरात आले, तिथेच निवृत्त झाले. गावात रेकॉर्ड केलेली बासष्ट गाणी तीस वर्षं त्यांच्या बेसमेंटमध्ये बिस्किटांच्या डब्यांत पडून होती.

गाणी मुळात इंग्लंडची. दोनेकशे वर्षांपूर्वी तिकडून आलेल्या कोळ्यांनी ती सोबत आणली. इंग्लंडमधल्या संग्राहकांबद्दल मुंडल्यांनी पुष्कळ वाचलं होतं. सायकलवरून खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्यांची गाणी उतरवून घेणारी आणि छापताना त्यातली चावट कडवी गाळणारी ही माणसं. "मी एक शब्द गाळला नाही," असं मुंडले सांगत. आयुष्यात एवढं एक काम चोख झालं, अशी त्यांची समजूत होती.

२००९च्या फेब्रुवारीत त्यांनी रिळं आणि वह्या एका विद्यापीठाच्या संग्रहाकडे दिल्या. आठवड्याने तिथल्या जोआनबाईंचा फोन आला. प्रत्येक गाणं शेवटी दोन-तीन शब्द आधीच तुटतं, असं का?

"गाणाऱ्यांना शेवट आठवत नसे. वहीत लिहिलंय मी तसं."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच."

जोआनबाई विचार करते म्हणाल्या. शेजारी त्यांच्या पत्नी शीलाताई मटार सोलत होत्या.

"अहो, अख्खं गाव एकाच जागी विसरतं होय? बासष्ट पोरांनी एकच चूक केली असती, तर कॉपी म्हणून बाकावर उभं केलं असतं तुम्ही."

गाणाऱ्यांपैकी एकच हयात होती. सेलिना पाइक, वय अठ्ठ्याऐंशी. मासेमारी बंद झाल्यावर गाव रिकामं झालं होतं आणि ती जवळच्या शहरात वृद्धाश्रमात होती. मुंडल्यांनी फोन लावला.

"शेवट गात नाहीत, सर," ती म्हणाली. "शेवटचे शब्द नुसते बोलायचे. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं, गाणं संपलं, आता चहा ठेवा."

"मला वाटायचं, तुम्ही गप्पा सुरू केल्या. रीळ बोटीने यायचं, वाया जाऊ नये म्हणून मी लगेच बंद करायचो."

"हो, खटका ऐकू यायचा. आम्ही म्हणायचो, मास्तरांना आमचे शेवट काही पटत नाहीत."

"मग सांगितलं का नाही?"

"मास्तरांना कोण सांगणार? पोरांचे मार्क तुमच्या हातात."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला.

मुंडल्यांनी तिच्या नऊ गाण्यांचे शेवट विचारले. तिला ते सुटे सांगता येईनात. पहिल्या ओळीपासून गावं लागे आणि तिसऱ्या-चौथ्या कडव्याला दम संपे. "उद्या, सर," म्हणून ती फोन नर्सकडे देई. मुंडले रोज दुपारी रेकॉर्डर लावून बसत. तीन आठवड्यांत एक गाणं पुरं झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेलिना गेली.

त्यानंतर नोंदीचा फॉर्म आला. जोआनबाई भल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "कारणाच्या रकान्यात 'टेप खराब' असं लिहूया. जुन्या रिळांचं होतंच तसं."

"आणि वही?"

"वही रिळांसोबतच राहील. दिलेल्या कागदात आम्हाला बदल करता येत नाही."

म्हणजे गाणाऱ्यांना शेवट आठवत नसे हे वाक्य मुंडल्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीसकट, तिथे कायम राहणार होतं. पुढे कोणी अभ्यासाला आलं तर तेच वाचणार, 'टेप खराब' ही नोंद बघणार आणि विश्वास ठेवणार.

फॉर्म दोन दिवस टेबलावर होता. तिसऱ्या दिवशी मुंडल्यांनी तो भरला. पूर्ण गाणी: एक. अपूर्ण: एकसष्ट. कारण: 'टेप चांगली आहे. गाणाऱ्यांना सगळं येत होतं. संग्राहकाने यंत्र लवकर बंद केलं. वहीतलं विधान चूक आहे.' खाली सही केली आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून आले.