उपाशीपोटीची गोळी

सुमंतच्या जन्माच्या वेळी वसुमतीबाईंचे रक्त फार गेले. मूल वाचले, आईही वाचली. म्हणून त्यांनी मुलाच्या नावाने संकष्टी धरली. तो उपास त्या नुसते पाणी पिऊन करीत आणि त्यांनी तो कधी मोडला नाही. त्या रक्तस्रावात मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी मात्र सुकत गेली, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. पुढे थायरॉइडनेही दगा दिला. अंग गार, बोलणे जड, सुखदुःख सारखेच. जयनगरच्या शेजारणी म्हणत, "बाईचा स्वभावच थंड."

यंदा डॉक्टर मंजुनाथांनी दोन्ही दुखणी ओळखली. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि स्टेरॉइडची न्याहारीनंतर, असे त्यांनी बजावले.

संकष्टी आली. वसुमतीबाईंनी सरळ विचार केला. उपाशीपोटीची गोळी उपासाला चालते. अन्नामागची गोळी चंद्र दिसल्यावर, जेवून घेऊ.

संध्याकाळी आभाळ भरून आले. गच्चीवर सून प्रतिमा म्हणाली, "आई, चंद्र ट्रॅफिकमध्ये अडकला असेल. खाली चला."

"स्वल्प थांब गं," एवढे म्हणून वसुमतीबाई कोसळल्या.

इस्पितळात शिरेतून स्टेरॉइड दिल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"अम्मा, स्टेरॉइड का घेतली नाही?" डॉक्टरांनी विचारले.

"उपास होता."

"मग थायरॉइडची कशी घेतली?"

"ती उपाशीपोटीच घ्या म्हणालात ना!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ती गोळी शरीराला पळवते. पळण्याचे बळ दुसरीत आहे. दुसरी चुकली तर जीव जाईल. यापुढे उपास नाही."

"आणि याला काही झाले तर?" त्यांनी उशाशी उभ्या असलेल्या सुमंतकडे बोट दाखवले.

सुमंत म्हणाला, "माझ्यासाठीचा उपास ना? मग तो मीच करीन."

"तू? दहाला इडली नसली तर घर डोक्यावर घेतोस!"

"घेईन. तू मात्र जेवायचे."

पुढच्या संकष्टीला सुमंत पाणी पिऊन व्हाइटफील्डला कामावर गेला. प्रतिमाने सासूपुढे उप्पिट्टाची ताटली ठेवली. वसुमतीबाईंनी अर्धे खाल्ले, गोळी गिळली आणि उपास मोडल्याच्या भीतीची वाट पाहत बसल्या. ती आली नाही.

तेवढ्यात सुमंतचा फोन आला. "आई, खाल्लेस? मनाला लागले का गं?"

"नाही रे. काहीच वाटत नाही," त्या म्हणाल्या आणि उरलेले उप्पिट्ट खाऊ लागल्या.