महिन्याच्या सुईसाठी भांडणारे सर

डॉ. शांताराम ढगे यांची आणि माझी पहिली भेट देवळीला झाली, आणि त्या पहिल्याच भेटीत ते माझ्यावर चिडले. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षे होती. सर ज्या रुग्णालयात होते, त्याच्याच परिचारिका विद्यालयात शिकवण्यासाठी मी नुकतीच रुजू झाले होते. परिसरातील डॉक्टर आणि नर्सबाईंसाठी सरांनी हृदयरोगावर शिबिर ठेवले होते आणि पाहुण्यांची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी त्यांच्या पदव्या वाचू लागले, तोच ते म्हणाले, "ताई, माझी ओळख राहू द्या. घसा दुखणाऱ्या पोराचा घसा तुम्ही उघडून बघता का, ते सांगा."

"डॉक्टर बघतात, सर."

"डॉक्टरही बघत नाहीत. मग बघतं कोण?"

समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या जेवणाच्या वेळी भरल्या आणि जेवण होताच पुन्हा रिकाम्या झाल्या. सर मात्र ठरलेला विषय ठरलेल्या वेळेपर्यंत बोलले.

हृदयरोग म्हणजे शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार, असा आपल्याकडे तेव्हा समज होता. डॉक्टरांचाही होता. आमच्या वॉर्डात मात्र धाप लागून उशीला टेकून बसलेली असत ती शेतकऱ्यांची, मास्तरांची, कारकुनांची मुले. आधी साधा घसा दुखलेला. मग ताप, आज गुडघा सुजलेला तर उद्या कोपर. घरचे तेल चोळत, वात म्हणून सोडून देत. सांधे बरे होत, पण तोवर हृदयाच्या झडपा खराब होऊ लागलेल्या असत. दर महिन्याला पेनिसिलीनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे घेतले, तर पुढचे नुकसान टळते. एवढी साधी गोष्ट लोकांच्या आणि स्वतःच्या व्यवसायबंधूंच्या गळी उतरवण्यात सरांची उमेदीची सारी वर्षे गेली.

सर उत्तम वक्ते आहेत असे या गौरवग्रंथात कुणी लिहिले असेल, तर ते माफ करण्याजोगे खोटे आहे. सर फार लांब बोलतात. शिवाय बोलून झाले की समोरच्याला उठवतात आणि "मी काय सांगितलं?" असे विचारतात. एका गावी त्यांनी एका आजीबाईंना उठवले. आजी म्हणाल्या, "गळा दुखला का पोराले दवाखान्यात न्या, असं तुमी म्हंता. न्याले काय हरकत हाय? पन आमच्या दवाखान्यात डॉक्टरच राह्यत नाई!" लोक हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आरोग्य खात्याच्या वरिष्ठ कचेरीत जाऊन बसले आणि त्या रिकाम्या दवाखान्यासाठी वर्षभर अधिकाऱ्यांचे डोके खात राहिले. अखेर तिथे डॉक्टर आले. सरांना कंटाळूनच आले असावेत, असे माझे मत आहे.

रोहण्याची सुमन आमच्याकडे आली तेव्हा शाळकरी मुलगी होती. एक झडप बिघडली होती. सरांनी महिन्याची सुई सुरू केली आणि पुढची गावाजवळच घ्यायला सांगितले. तिथल्या खाजगी डॉक्टरांनी हात झटकले. "रिअॅक्शन येऊन पोरगी गेली तर लोक मला जिवंत ठेवतील का?" त्यांची भीती खोटी नव्हती. सर मला घेऊन एसटीने त्यांच्या दवाखान्यात गेले, चाचणीची सुई कशी द्यायची, औषधे कोणती तयार ठेवायची हे दाखवले आणि सुई स्वतः दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले आणि सुई त्या डॉक्टरांच्या हाती देऊन स्वतः शेजारी बसून राहिले. ते डॉक्टर एकट्याने सुई देऊ लागेपर्यंत आम्ही जात राहिलो. परतीची एसटी चुकली की मी कुरकुर करी. सर म्हणत, "सिंधूताई, गाडी दुसरी येईल."

आपला आजार काय, औषध कोणते, हे प्रत्येक रुग्णाकडून सर पाठ म्हणवून घेत. सुमननेही ते पाठ केले होते. पुढे ती लग्नाची झाली आणि तिला पाहायला पहिली मंडळी आली. स्वयंपाक येतो का, असे विचारताच ती म्हणाली, "येते. पन माह्या हृदयाची झडप खराब हाय. मले दर महिन्याले सुई घ्या लागते." मंडळी पोहे अर्धे टाकून उठली.

तिचे वडील भाऊरावजी दुसऱ्याच दिवशी आमच्या रुग्णालयात आले. "तुमीच शिकवलं थे! काऊन शिकवलं? गावभर बोभाटा झाला. आता कोन करन माह्या पोरीले?"

खरे सांगायचे तर मलाही तेच वाटत होते. "लग्न जमेपर्यंत तरी गप्प राहायला सांगितलं असतं, सर," असे मी भाऊरावजींच्यादेखत म्हणाले.

सरांचा आवाज चढला. "आणि बाळंतपणात श्वास कोंडला म्हणजे? तेव्हा सासरच्यांना सांगायचं?"

भाऊरावजी तडक निघून गेले. त्यानंतर आम्ही रोहण्याला गेलो की ते शेतात निघून जात. घरात पाणीही विचारले जात नसे. आमच्या भागात याहून मोठा अपमान नाही. तरी सर जात, ओट्यावर बसत, सुमनची नाडी पाहत, सुई चुकली नाही ना एवढे विचारत आणि उठत. हा माणूस कशाचा बनला आहे, असे मनात येऊन मीच वैतागत असे.

दोनेक वर्षांनी देवळीच्या एका प्राथमिक शिक्षकांचे स्थळ आले. शिक्षकांसाठीच्या सरांच्या लांबलचक वर्गाला ते जांभया देत बसले होते, असे त्यांनीच नंतर कबूल केले. सुमनने याही वेळी सगळे सांगितले. मास्तर म्हणाले, "थे मले मालूम हाय. ही सुई देवळीत कोन देते, तेवढं सांगा." लग्न झाले. बाळंतपण सरांच्या देखरेखीखाली आमच्याच रुग्णालयात सुखरूप पार पडले. भाऊरावजी वॉर्डाबाहेर सरांसमोर आले. म्हणाले, "घरी येजा, साहेब. जेवाले."

सरांचा जिव्हाळा ओळखायला वेळ लागतो, कारण तो रागावूनच येतो. सिंदी मेघेच्या आमच्या घरी ते एकदा जेवायला आले. माझ्या मुलाला खाकरताना ऐकून ताटावरून उठले आणि खिडकीच्या उजेडात त्याचा घसा पाहत बसले. वरण गार झाले. "स्वतः शिकवता आणि घरात हे?" म्हणून मलाच बोलणी बसली. मुलाचा ताप उतरेपर्यंत मात्र ते रोज येऊन जात होते.

आता सर साठ वर्षांचे झाले. सत्कार समितीला त्यांनी कळवले आहे की शाल नको, आलेल्यांचा रक्तदाब तपासा. समिती माझ्याइतकीच वैतागली आहे. सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो आणि त्यात त्यांनी एक दिवस जरूर पाहावा: एखाद्या गावी ते बोलायला उभे राहतील, घसा आणि सांधे हे शब्द उच्चारतील, तोच समोरून कुणी मायमाउली म्हणेल, "मालूम हाय, साहेब. पोराले कालच दाखवून आनलं. तुमी बसा आता."