तळघरातली बगदाद रेल्वे

जाधवकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी श्टुटगार्टमधल्या एका बाजाररस्त्यावर घडीच्या टेबलामागे उभी होते. टेबलावर आमची पत्रकं, समोरून नजर चुकवून जाणारी माणसं. विषय नेहमीचाच... पश्चिम आशियातला नवा रेल्वेमार्ग, त्यात जर्मन पैसा, आणि ज्यांच्या शेतातून तो जाणार त्यांना कुणी विचारलेलं नाही. तेवढ्यात काकूंचा फोन आला. "अगं, हे गेले. सकाळी, झोपेतच. तू हातातलं टाकून धावत येऊ नकोस, संपवून ये." हे काम संपत नसतं, हे त्या बाईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं. टेबल सोबतच्या मुलीवर सोपवून मी काकांच्या गावाची, बॉबलिंगेनची, एस-बान म्हणजे लोकल पकडली. पिशवीत उरलेली पत्रकं तशीच होती. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. अजूनही ती त्याच पिशवीत आहेत.

शिकायला इथे आले तेव्हा मी जाधवांच्या घरातल्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. काका मूळचे साताऱ्याकडचे. उभा जन्म इथल्या एका कंपनीत बोगद्यांमध्ये हवा खेळती ठेवणारे पंखे बसवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, काका तळघरात उतरले. इथे प्रत्येक इमारतीखाली केलर असतं. लोक त्यात सायकली, बटाटे आणि नको झालेली लग्नातली भांडी ठेवतात. काकांनी त्यात आगगाडी मांडली होती. मला वाटलं, म्हातारपणीचा खेळ. पण पहिल्या स्टेशनवरची पाटी वाचली आणि मी चमकले. कोन्या. पुढे अडाना, मग अलेप्पो, आणि पार भिंतीपाशी, बॉयलरच्या पाइपाखाली, बगदाद.

शंभरएक वर्षांपूर्वीचा हा उद्योग, वाचकांना थोडक्यात सांगते, कारण शाळेत आपल्याला तो एका ओळीत उरकून शिकवतात. बर्लिनपासून थेट बगदाद आणि पुढे आखातापर्यंत रूळ न्यायचे, असा घाट घातला होता. पैसा जर्मन बँकांचा, जमीन ऑटोमन सुलतानाची. लंडनला धास्ती, की हिंदुस्थानच्या दाराशी जर्मन इंजिन शिट्टी मारणार. रशियाला आपल्या सरहद्दीजवळ रूळ नको होते, फ्रान्सला आपला वाटा हवा होता. चौघं मिळून एकाच ताटावर बसलेले, आणि ज्यांचं ताट ते दाराबाहेर! महायुद्ध पेटलं तेव्हा लोहमार्ग अर्धवटच होता. मधले डोंगर आडवे पडले होते, बोगदे पुरे व्हायचे होते. मग काय, डोंगराच्या अलीकडे गाडीतून सगळं सामान उतरवायचं, छकड्यांवर, जनावरांवर, माणसांच्या पाठीवर लादून पलीकडे न्यायचं, आणि पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवायचं.

काकांच्या तळघरात हेच चालायचं. गाडी कोन्याहून ऐटीत निघे आणि डोंगरापाशी येऊन थांबे. पुढे वीतभर रूळच नव्हते. नुसता प्लास्टरचा खडक, अर्धा पोखरलेला, आणि त्यावरून वळत जाणारी मातीची वाट. काका म्हणायचे, "चला, सामान उतरवा." जो कुणी पाहायला आला असेल त्याने चिमट्याने डब्यातली एकेक गोणी उचलायची, डोंगरावरून न्यायची, पलीकडच्या डब्यात ठेवायची. गोण्या काकूंनी जुन्या परकराच्या कापडाच्या शिवलेल्या, आत खसखस भरलेली. एखादी वाटेत पडली तर काका ती पुन्हा अलीकडच्या डब्यात ठेवायला लावत. पाहुण्यांची मान अवघडायची. वरून काकूंचा आवाज यायचा, "अहो, त्यांना जेवायला तरी सोडा! बगदाद कुठे पळून जात नाही."

माझं आणि काकांचं भांडण पहिल्याच हिवाळ्यात झालं. मी म्हणाले, "काका, तुम्ही स्वतः बोगद्यांच्या कंपनीत चाकरी केलीत. त्यांचीच पेन्शन खाताय, आणि वर ही रेल्वे मांडून बसलाय?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका थंडपणे म्हणाले. "पेन्शन खातो. आणि त्यातून तुझ्यासारखीला थालीपीठही खायला घालतो. लोणी हवंय का अजून?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात चावडीजवळ इंग्रजांनी लावलेली एक शिळा आहे. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच तिच्यावर आहे. नावं नाहीत, नुसते आकडे. त्या आकड्यात काकांच्या आजोबांचे थोरले भाऊ. बसऱ्याला उतरले आणि पुढे तुर्कांनी घातलेल्या कूटच्या वेढ्यात सापडले, इतकं घरात ठाऊक होतं. तिथे शरण गेलेल्या फौजेतल्या कैद्यांना याच रेल्वेच्या बोगद्यांवर जुंपलं होतं. म्हणजे पाहा, जर्मन रूळ हिंदुस्थानकडे येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी साताऱ्याच्या पोराला नेलं, आणि तेच रूळ घालायला त्याच्यासारख्यांच्याच हातात पहार आली. दोन्हीकडून तोच! याची चीड कुणाला येत नसेल तर त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

"ते त्याच डोंगरात होते?" मी विचारलं.

"ठाऊक नाही गं. असतील, नसतील. वाटेतच गेले असतील... ते ठाऊक नाही तोवर मी हा डोंगर पोखरणार नाही. मी मेल्यावरही कुणाला पोखरू देऊ नका म्हणावं."

बॉबलिंगेनमधला छोट्या आगगाड्यांचा क्लब काकांच्या मागे लागला होता. क्लबप्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट, पोस्टातून निवृत्त झालेले, भला माणूस. दर शरद ऋतूत त्यांचं प्रदर्शन भरतं, आणि तिथला एक अलिखित नियम असा, की गाडी फिरलीच पाहिजे. थांबलेली गाडी पाहायला कोण तिकीट काढतं? फोग्ट दरवर्षी यायचे, वीतभर फटीकडे हळहळून पाहायचे, खिशातून रुळाचा तयार तुकडा काढायचे. "हेर जाधव, एवढासा तर आहे." काका नाही म्हणून मान हलवायचे. एकदाच फोग्टनी नमतं घेतलं आणि गाडी फटीसकट मांडू दिली. एक आजोबा येऊन म्हणाले, मोडली वाटतं. "मोडली नाही," काका म्हणाले, "झालीच नाही अजून," आणि त्यांच्या हातात चिमटा दिला. त्या वेळी टेबलाच्या कडेला आमची पत्रकं ठेवू द्या म्हणून मी हट्ट धरला होता. काकांनी साफ नकार दिला. "पत्रक घेतलं की माणसाला वाटतं आपलं काम झालं. गोणी उचलू दे त्याला." मला हे पटलं नाही. आजही पटलेलं नाही. गोणी उचलून कुणाचं धोरण बदलतं? पण पत्रकाने तरी कुठे बदलतं... बाजाररस्त्यावरच्या वाऱ्यात उभं राहून घसा बसतो, आणि दर थोड्या महिन्यांनी त्याच प्रदेशाच्या नकाशावर कुणीतरी नवी रंगीत रेघ ओढतं. आता तर त्यातल्या एका रेघेचं टोक आपल्याच किनाऱ्याला टेकलंय, आणि माझे नातेवाईक फोनवर टाळ्या वाजवतात.

काका गेल्यावर काकूंनी म्युनिकला लेकीजवळ जायचं ठरवलं. तिथली भाडी अशी, की मिळाली ती एक खोली आणि चिंचोळा पॅसेज. केलर नाही. म्हणजे गाडीचं काय करायचं, हा प्रश्न. फोग्ट आले, पुष्पगुच्छ घेऊन, आणि अडखळत म्हणाले की क्लब सगळी गाडी घेईल, नीट सांभाळेल, काकांच्या नावाची पाटीही लावेल. फक्त... खिशाकडे गेलेला त्यांचा हात मला दिसला आणि माझं डोकं सणकलं. मी काकूंना मराठीत म्हणाले, "यांना देऊ नका. मला द्या. नव्या रेल्वेला पैसा देणाऱ्या त्या बँकेच्या दारात नेऊन ठेवते, फटीसकट. बघू दे सगळ्यांना."

"तू तिच्यावर घोषणा चिकटवशील," काकू म्हणाल्या. "आणि हे रूळ चिकटवतील. दोघंही गप्प बसा जरा."

मग त्या खाली वाकल्या. इतकी वर्षं गाडीला हात न लावणारी ही बाई सराईतपणे टेबलाखालचे बोल्ट फिरवायला लागली. क्लबच्या पद्धतीप्रमाणे काकांनी सगळी गाडी सुट्या पाट्यांवर, म्हणजे लाकडी फळ्यांवर, बांधली होती. प्रत्येक पाटीच्या कडा एकाच मापाच्या, कुठलीही पाटी कुठल्याही पाटीला जोडता यावी अशा. काकूंनी डोंगराची पाटी मधून काढून घेतली, छातीशी धरली, आणि फोग्टना म्हणाल्या, "आता उरलेलं जोडून घ्या. तुमची गाडी फिरेल." फोग्टनी दोन्ही टोकं जवळ आणली. जुळली. त्यांनी कळ दाबली, आणि गाडी कोन्याहून निघाली ती कुठेही न थांबता बगदादला पोचली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. फोग्टसुद्धा हसले नाहीत. रुळाचा तुकडा त्यांनी खिशातच राहू दिला.

यंदाच्या प्रदर्शनाला मी गेले नाही. गाडी छान पळते म्हणतात. गेल्या रविवारी म्युनिकला काकूंकडे गेले. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर डोंगर ठेवलाय, त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीचा एकेक डबा. माझ्या खांद्यावर तीच पिशवी होती. मी आत शिरायला लागले तर काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तशीच आत येऊ नकोस! आधी सामान."

मी पिशवी जमिनीवर ठेवली. एका हातात चिमटा घेतला, दुसरा खाली धरला, गोणी पडू नये म्हणून. अर्ध्या वाटेवर एक पडलीच. कुणी बघत नव्हतं. मी ती उचलून अलीकडच्या डब्यात ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली.