तांदूळ चाळीला, बाळसं म्हशीला

हसायचं ते आत्ताच हसून घ्या मंडळी! मध्येच दात काढलेत, तर माझी फजिती अर्धीच राहायची.

आमची येसूआत्या परळच्या चाळीत खाणावळ चालवायची. गिरणीतल्या माणसांना जेवू घालून उरलेल्या वेळात अख्ख्या चाळीची आई! कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्या घरच्यांआधी तिला कळायचं. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एकदा तिनं रेवसच्या बोटीवरच्या तांडेलाकडून निरोप धाडला, "घरात खाता तोच लाल तांदूळ आण. वाण्याकडचा खाऊन हितल्या बायांच्या अंगात जीव न्हाय. शेजारच्या पार्वतीचं पाय सुजलं. पोटुशी हाय पोर."

आता तुम्हीच सांगा, आमच्या चौलात उखळात सडलेला तो जाडाभरडा तांदूळ मुंबईला न्यायचा? लोक काय म्हणतील, येसूचा भाचा भिकारी!

अलिबागला भात सडायची नवी गिरणी आली होती. मी पोती उचलली.

"अहो, आत्याबाईंनी काय सांगितलंय?" बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय? मुंबईची माणसं आहेत ती!"

एकदा नाही, दोनदा पालिश! तांदूळ मोगऱ्याच्या कळीसारखा पांढराशुभ्र. कोंडा घरी आणून म्हशीला घातला.

चाळीत बाया सुपं घेऊन वाटच बघत होत्या. पार्वती भिंतीला धरून उभी. मी ऐटीत पोत्याचं तोंड सोडलं. सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या! मला वाटलं, दिपल्या.

"हात लावून बघा! एक लाल दाणा सापडला तर मिशी उतरवीन!"

पार्वतीनं मूठभर तांदूळ घेतला आणि हळूच परत सोडला. "असाच तर वाण्याकडं मिळतो, दादा."

आत्यानं विचारलं, "कोंडा कुठाय रं?"

"म्हशीला घातला."

"मंग म्हस कशी हाय?"

"एकदम तुकतुकीत!" मी छाती फुगवून म्हणालो.

"असनारच! पार्वतीला तपासून डाक्तरीणबाई बोलली, समदी ताकद त्या कोंड्यात हाय. म्हनून तर लाल मागवला! आन् तू म्हशीला बाळसं आनलंस व्हय?"

चाळ खो खो हसली. पार्वती मात्र आपल्या सुजल्या पायांकडं बघत होती. तेव्हा खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

आत्या ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी खाणावळ शेजारणींवर सोपवून माझ्याबरोबर बोटीत बसली, घरी आली आणि मुसळ थेट माझ्या हातात दिलं. आमच्याकडं पुरुष मुसळाला शिवत नाही! अख्खी आळी बघायला लोटली. समोर म्हैस रवंथ करत उभी. हाताला फोड आले, तरी आत्या पाखडता पाखडता म्हणे, "हळू! कोंडा ऱ्हाऊ दे अंगावर."

पुढं दर बोटीला आमचा लाल तांदूळ चाळीत जाऊ लागला. आत्या वाटे घालायची, आधी पोटुशा बायांना, मग बाकीच्यांना. पार्वतीची सूज उतरली, गुटगुटीत मुलगी झाली.

बारशाचं बोलावणं तांडेलच घेऊन आला. हसू दाबत म्हणाला, "येसूआत्यानं सांगितलंय, बारशाला जरूर ये. आन् जमलं तर म्हशीलाबी आन. काय खावं ते तुझ्यापरीस तिला जास्त कळतं!"